कोणामुळे

वेस्ट ऑर्लन
मंगळवार, ३ डिसेंबर

प्रिय मार्लीन,

तुझी मेल आणि सोबतचा अहवाल मिळाला. तीन वर्षांनी तुझं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा आधी वाटलं, कोणीतरी गेलं. मग वाचलं. "येत्या रविवारच्या सामन्यासाठी केलेला अहवाल आहे. क्लबच्या बाहेर दाखवायचा नसतो, तरी पाठवतेय. यातली खोट काढू शकेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही. हातचं राखू नका."

म्हणजे तुला बाप नको, परीक्षक हवा. ठीक आहे. तेवढं मला जमतं.

पहिली खोट. तू लिहितेस, ज्या सामन्यांत आपण चेंडू घेऊन पळण्याच्या चाली जास्त खेळलो ते जिंकलो, म्हणून रविवारी जास्त पळावं. हे उलटं आहे. जो आधीच पुढे असतो तो घड्याळ संपवायला पळतो. कोंबडं आरवलं म्हणून उजाडत नाही. तू बारा वर्षांची असताना शाळेच्या मैदानाच्या कडेला उभी राहून हेच मला सांगितलं होतंस. मी तुला पोरांसाठी पाणी आणायला पाठवलं होतं. आठवत असेल तुला. मला आठवतं.

दुसरी. रविवारी समोर येणाऱ्या संघाचा बचाव परगावी ढिला पडतो असं तू म्हणतेस. ते परगावचे सामने काढून बघ. त्यातले बरेचसे चिखलात झाले. चिखलात सगळ्यांचाच बचाव ढिला पडतो.

तिसरी, आणि तुझा सगळा अहवाल हिच्यावर उभा आहे. रॉन्डेल. "गेल्या सहा सामन्यांत आपल्या डाव्या टॅकलनं क्वार्टरबॅकवर जवळजवळ दडपण येऊ दिलेलं नाही. सामन्याच्या शेवटच्या भागात तर मुळीच नाही. खेळ लांबतो तसा तो अधिक भक्कम होतो. म्हणून कॅल्डरसमोर त्याला एकट्याला उभं करावं आणि त्याच्या मदतीचा माणूस पास झेलायला मोकळा सोडावा."

सहा सामने म्हणजे काहीच नाही. त्यातल्या चार संघांकडे अंगावर धावून येणारा धड माणूस नव्हता. रविवारच्या संघातल्या कॅल्डरची गोष्ट वेगळी. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ ज्या बाजूला असते तिकडून तो येतो, आणि दोघांच्या मधे फक्त डावा टॅकल असतो. टॅकल चुकला तर ज्याची हाडं मोडायची त्याला ते आधी कळतही नाही. हे मी तुला शिकवायला नको. पण तुझ्या अहवालात ते कुठे दिसलं नाही.

माझं मत विचारशील तर रॉन्डेलच्या शेजारी मदत ठेव. शेवटच्या भागात तर ठेवच.

आणखी एक. हे आकडे तुमच्या क्लबनं कंपनीकडून विकत घेतलेले. सामन्याची फिल्म बघून एकेका चालीची नोंद तिथे कोण करतं, देव जाणे. घरी बसून काम करणारी माणसं असतात म्हणे. त्यांच्यावर किती विसंबायचं ते तू ठरव.

इथे हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत. गल्लीत माझ्याशिवाय पुरुषमाणूस नाही.

खाली काय लिहावं कळत नाही, म्हणून नाव लिहितो.

एमिल कोस्टेल्निक


बुधवार, ४ डिसेंबर

प्रिय मार्लीन,

इतक्या लवकर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पहिल्या दोन खोटी तू मान्य केल्यास, बरं वाटलं. तिसरी मान्य नाही. तू विचारतेस: "शेवटच्या भागात मदत ठेवच, असं तुम्ही म्हणता. माझ्या तक्त्यात नेमक्या शेवटच्या भागातच तो सगळ्यांत चांगला आहे. सगळा सामना सोडून तुम्ही बोट तिथेच कसं ठेवलंत?"

अठ्ठावीस वर्षं मी शाळेच्या लाइनीला, क्वार्टरबॅकसमोर उभ्या राहणाऱ्या त्या पाच पोरांना, शिकवलं. एवढं वजन घेऊन मागे सरकत, वाकून, दुसऱ्याचा धक्का झेलत तीन तास काढलेला माणूस शेवटी दमतो. कोणी कमी, कोणी जास्त. शेवटी चांगला होणारा मी एकही पाहिला नाही. तुझ्या तक्त्यात तसा एक निघाला आहे. तू त्याला त्याचं बळ समजलीस. मी असतो तर विचारलं असतं, की एवढा गोड आकडा आला कुठून.

"म्हणजे नोंद करणारा चुकला?" असं तू विचारशील. चुकला असेल. ते काम कसं चालतं ते बघ. दडपण आलं की "कोणामुळे" हा रकाना भरावाच लागतो, रिकामा सोडता येत नाही. टॅकल अर्धं पाऊल मागे पडला, त्याच्या शेजारचा गार्डही अर्धं पाऊल मागे पडला, तर नाव कोणाचं लिहायचं? कधी क्वार्टरबॅकनंच चेंडू फार वेळ धरून ठेवला, असंही लिहिता येतं. फिल्म एकच असते. दोन माणसं दोन नावं लिहितील, आणि दोघं तुझ्या तोंडावर शपथ घेतील.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू टोमणा मारला आहेस. "की ही लाडक्याची काळजी आहे? माझी खोली ज्याला मिळाली त्याची?"

त्याचं उत्तर देतो. त्या हिवाळ्यात रॉन्डेलची आजी ऑपल दवाखान्यात होती. तिच्याशिवाय त्या पोराला कोणी नव्हतं. आजी बरी होईपर्यंत पंधरा वर्षांच्या मुलानं कुठे राहायचं, हा प्रश्न होता, आणि तुझी खोली रिकामी होती. नाताळला तू आलीस तेव्हा तुझ्या पलंगाशेजारी त्याची वजनं पडली होती. तू रात्रभर सोफ्यावर बसून राहिलीस आणि सकाळच्या बसनं गेलीस. तुझी आई नंतर मला म्हणाली, "नुसतं विचारलं असतंस तर ती आनंदानं हो म्हणाली असती." मी विचारलं नव्हतं. तुला विचारायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं.

हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं.

एमिल


गुरुवार, ५ डिसेंबर

प्रिय मार्लीन,

तू एकच ओळ लिहिलीस. "तो रकाना कसा भरतात ते तुम्हाला इतकं बारीक कसं माहीत?"

माहीत आहे, कारण मी तेच काम करतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर, दोन वर्षांपूर्वी धरलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर, दोन पडदे लावून. पेन्शनवाल्याला वेळ घालवायला बरं. परवा "देव जाणे" लिहिलं तेव्हाही करत होतोच. उगाच लपवलं. तुला हसू येईल असं वाटलं. पोरीनं आकडे मांडावेत, लाइन कळायला मैदानात उभं राहावं लागतं, असं म्हणणारा माणूस आता चाळिशी लावून आकडेच मांडतोय.

नियम कडक असतात. खेळाडू ओळखीचा असेल तर त्याचा सामना घ्यायचा नाही.

दुपारी तुझी दुसरी मेल आली. तुमच्या लाइनच्या कोचला रॉन्डेलबद्दल शंका होती, हे मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, पोराचं मागचं पाऊल जड पडतंय. तू त्याच्यापुढे तक्ता ठेवलास, आणि सगळ्यांसमोर तो गप्प बसला. तू लिहितेस, "वीस वर्षं त्या खोलीत पुरुषांचं 'मला दिसतंय ना' चालत आलंय. पहिल्यांदा आकडा जिंकला. आणि बाबा, तुम्ही काढलेल्या दोन खोटींमुळे बाकीचा अहवाल घट्ट झाला. थँक्स."

ते "थँक्स" मी बराच वेळ वाचत बसलो.

लावाकाचंही लिहिलं आहेस. सियोने लावाका, डावा गार्ड, रॉन्डेलच्या शेजारचा. त्याला याच आठवड्यात काढलंत. "निदान ते तरी आकड्यांनी वेळेवर दाखवलं. सहा सामन्यांत त्याच्या नावावर इतकी दडपणं लागली की ठेवणं अवघड होतं. वाईट वाटलं, दुसरं बाळ नुकतंच झालंय त्याला."

मार्लीन, माझ्या तिसऱ्या खोटीचा पुन्हा विचार कर. मी म्हणतो म्हणून नव्हे. तुमचा लाइनचा कोच म्हणतो म्हणून. ज्यानं पाऊल पाहिलं आहे त्याला पुन्हा एकदा बोलू दे.

यापुढे आज लिहीत नाही. लिहिलं होतं, पुसलं.

एमिल


शनिवार, ७ डिसेंबर, सकाळी

मार्लीन,

हे वाचलंस की लगेच कोचकडे जा. बाकीचं नंतर वाच. रॉन्डेलचा डावा गुडघा ऑक्टोबरपासून खराब आहे. त्याला उद्या कॅल्डरसमोर एकट्याला उभा करू नका. मला विचारशील तर उभाच करू नका.

तुमच्या गेल्या सहा सामन्यांच्या नोंदी मी केल्या आहेत.

ते सामने माझ्याकडे यायचे नव्हते. नेवाडातली एक बाई हेच काम करते, तिच्याकडे ते होते. मी तिच्याशी अदलाबदल केली. तिला सांगितलं, माझी मुलगी त्या शहरात असते, तेवढंच शहर बघितल्यासारखं होईल. ती म्हणाली, "घ्या की काका, त्यात काय." नियम मला ठाऊक होता. तिला रॉन्डेल ठाऊक नव्हता.

रॉन्डेलनं ऑक्टोबरात मला फोन केला होता. "कोच, गुडघ्यात काहीतरी सुटलंय. कोणाला बोलू नका." मी बोललो नाही. पुढच्याच सामन्यात फिल्मवर दिसलं, मागचं पाऊल उशिरा पडतंय. तशी पहिली चाल आली तेव्हा गार्डही थोडा मागे होता. मी "कोणामुळे"मध्ये लावाका लिहिलं. अर्धं खरं होतं. दुसऱ्या वेळी चतकोर खरं होतं. पुढे खरंखोटं बघायचं मी सोडून दिलं. गुडघा शेवटी शेवटी सुजतो, म्हणून शेवटच्या भागात हात जास्त फिरवावा लागायचा. तुझ्या तक्त्यात तो शेवटी सगळ्यांत चांगला का दिसतो, याचं उत्तर तू बुधवारी मागितलंस. ते हे आहे.

तुझं गणित बरोबर आहे. तीन पत्रं मी त्यात खोटी शोधत बसलो, आणि जी होती ती माझ्या टेबलावर होती.

केवळ पोराच्या करारासाठी केलं असं लिहिलं तर तेही पुरतं खरं नाही. त्याचं ते पाऊल मी शिकवलंय. शाळेच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या अंगणात, खडूनं रेघ मारून. ते चुकलं असं स्वतःच्या हातानं लिहवेना.

आणि गुरुवारी तुझी ती मेल वाचूनही मी गप्प बसलो. म्हटलं, तू कोचचं ऐकशील आणि आपोआप निभावेल. माझं नाव निघायचं नाही.

काल अग्निशामक दलाच्या फायर हॉलमध्ये मासे खायला गेलो होतो. शुक्रवारी सगळे तिथेच असतात. ऑपल शेजारी बसली. तिनं फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "बोला तुमच्या हिरोशी. उद्यापासून त्याचा फोन बंद असतो."

रॉन्डेल म्हणाला, "कोच, कॅल्डरपुढे मला एकट्याला ठेवतायत. कोणी मदतीला नाही. माझ्या पोझिशनला यापेक्षा मोठा मान नाही."

मी उठून बाहेर आलो. म्हटलं, "गुडघा कसा आहे?"

"आहे जागेवर."

"खरं सांग."

"सकाळी जिना पाठमोरा उतरतो. दुपारपर्यंत ठीक होतं."

"त्यांना सांग, रॉन्डेल."

"कोणाला? वर्षअखेर करार संपतोय. आणि कोच, आकडे जबरी आहेत माझे. लाइनचा कोच काहीतरी कुरकुरत होता, त्याला तक्ता दाखवून गप्प केला म्हणे. मला तर वाटायला लागलंय की मी समजतो तितकं दुखत नसेल. एवढे आकडे काय खोटं बोलतील?"

माझ्या खोट्यावर तोसुद्धा विश्वास ठेवून बसला आहे. ज्याचा गुडघा आहे तो.

मी आत गेलो. ऑपलनं विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "खुशीत आहे." मासा गार झाला होता, तो संपवला आणि घरी आलो.

कंपनीला वेगळं कळवलं आहे. तुझा काही दोष नाही असं मी कोणालाही, कुठेही लिहून द्यायला तयार आहे. आधी कोचकडे जा.

बाबा


सोमवार, ९ डिसेंबर

मार्लीन,

शनिवारी तू फोन केलास. मला वाटलं होतं, रॉन्डेलचं विचारशील, नाहीतर ओरडशील. तू म्हणालीस, "लावाका?" मी म्हटलं, "त्याच्या नावावरची बहुतेक सगळी रॉन्डेलची." मग तू म्हणालीस, "त्याला काढायच्या टिपणावर माझी सही आहे," आणि फोन ठेवलास.

रॉन्डेल काल खेळला नाही, हे मी टीव्हीवर पाहिलं. सामना तुम्ही हरलात तेही. इथे काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

रविवारी फायर हॉलमध्ये मोठा पडदा लावतात. गाव रॉन्डेलसाठी येतं, तुमच्या क्लबशी कोणाला देणंघेणं नाही. बायकांनी कोबी-नूडल्सच्या हलुश्कीची मोठी परात आणली होती. शिकारीला गेलेलेही अर्ध्यातून परतले होते. पहिल्या चालीला डाव्या टॅकलच्या जागी कोणी नवखाच पोरगा उभा. मग कॅमेऱ्यानं बाजूच्या रेषेवरचा रॉन्डेल दाखवला, जाड कोटात, टोपी डोळ्यांवर ओढलेली.

"हे काय? त्याला बसवलं?" अग्निशामक दलाचा प्रमुख, वॉल्ट द्रोझ्दा.

"दुखापत म्हणतायत."

"कसली दुखापत? सहा सामने भिंतीसारखा उभा होता."

कॅल्डरनं त्या नवख्याला वाकवलं, फिरवलं, दोनदा जमिनीवर बसवलं. तुमचा क्वार्टरबॅक प्रत्येक वेळी उठला. मदतीचा माणूस त्या पोराशेजारी होता, म्हणून बहुधा तो उठू शकला. सामना मात्र गेला.

शेवटी शेवटी वॉल्ट माझ्याकडे वळला. "एमिल, तुझी मुलगी तिथेच आहे ना? ती कॉम्प्युटरवाली? तिचंच काम असणार हे. मैदानात कधी पाय ठेवला नाही, आणि आपल्या पोराला घरी बसवतेय."

दुसरा कोणीतरी म्हणाला, "जुना हिशोब चुकता केला असेल. खोलीवरनं काहीतरी झालं होतं ना तुमच्यात?"

हसले सगळे. त्यात विष नव्हतं, हरलेल्या लोकांचं हसणं असतं तसं. पूर्वी मीही हसलो असतो. तुझ्याबद्दल इथे काही बोललं गेलं की मी हसून सोडून देत आलो, हे तू नसताना झालेलं असलं तरी झालेलं आहे.

मी म्हटलं, "मुलीनं नाही. मी बसवलं."

"तू? इथनं?"

मग सांगितलं. नोंदींचं, रकान्याचं, गुडघ्याचं. नीट सांगता आलं नाही, दोनदा मागे जावं लागलं. टीव्ही चालू होता. वॉल्ट म्हणाला, "म्हणजे तू त्याला वाचवत होतास." त्याच्या आवाजात मला सोडून दिल्याची खूण होती. गावानं मला सोडून दिलं असतं, मार्लीन. आणखी दोन मिनिटांत कोणीतरी बिअर आणून दिली असती.

ऑपल टेबलाच्या टोकाला बसली होती. ती म्हणाली, "थांब वॉल्ट. कोच, तुम्हाला गुडघा कधीपासून दिसत होता?"

"ऑक्टोबरपासून."

"दर रविवारी मी इथे तुमच्या शेजारी बसले. दर रविवारी विचारलं, कसा खेळला पोरगा? आठवतं, काय सांगायचात?"

"छान खेळला, म्हणायचो."

"मला फुटबॉलमधलं शष्प कळत नाही. मी टीव्हीकडे बघतच नव्हते कधी, तुमच्या तोंडाकडे बघायचे. तुमचं तोंड बरं दिसलं की मी घरी जाऊन झोपायचे." ती उठली. ताट उचललं, पेला उचलला. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण ते काल सांगितलंत, ऑक्टोबरात नाही."

आणि ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. रागानं नाही. जेवण उरलं होतं, ते तिनं तिथे बसून संपवलं.

आज सकाळी ती दाराशी आली. आत आली नाही. रॉन्डेलची तपासणी झाली म्हणाली. कूर्चा फाटली आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल. ऑक्टोबरात थांबला असता तर लहानसं काम होतं, आता मोठं आहे. पुढच्या मोसमात खेळेल की नाही, डॉक्टर बोलत नाहीत. मी विचारलं, "मी फोन केला तर चालेल का त्याला?" ती म्हणाली, "त्याला विचारा. मला काय विचारता?"

मी फोन केला. त्यानं उचलला, याचं मला आश्चर्य वाटलं. "कोच, जे दुखत होतं ते खरंच दुखत होतं तर," एवढं म्हणाला. मग त्याला कोणीतरी हाक मारली.

एमिल


गुरुवार, १२ डिसेंबर

प्रिय मार्लीन,

सोबत सहाही सामन्यांच्या नव्या नोंदी जोडल्या आहेत. आज फोनवर आपण दोघांनी मिळून केल्या त्याच, फक्त स्वच्छ करून. कंपनीनं माझं काम बंद केलं आहे, त्यामुळे याला त्यांचा शिक्का नाही. लावाकाच्या नव्या क्लबला दाखवण्यापुरत्या, किंवा त्याला परत बोलावलंत तर तुमच्या खोलीत मांडण्यापुरत्या, उपयोगी पडल्या तर बघ. त्याला अजून नवा क्लब मिळालेला नाही, हे तू सांगितलंस. ते माझ्या लक्षात आहे.

तू फोनवर नमस्कार-चमत्कार काही केला नाहीस. दोघांनी तीच फिल्म लावली. तू चाल सांगायचीस, मी बघायचो, तू विचारायचीस, "कोणामुळे?" आणि मी म्हणायचो, "रॉन्डेल." "पुढची. कोणामुळे?" "रॉन्डेल." मधे तू पाणी प्यायला उठलीस. मीही उठलो. तुझ्या खोलीत ती वजनं अजून आहेत, मी ती कधी हलवली नाहीत. हे तुला सांगायचं होतं, पण तू परत आलीस आणि म्हणालीस, "पुढची."

चौथ्या सामन्यात, तिसऱ्या भागात, एक चाल आली. रॉन्डेलचं पाऊल तिथे वेळेवर पडलं होतं. गार्डच चुकला होता, डोकं खाली घालून. तू विचारलंस, "कोणामुळे?" मी म्हटलं, "लावाका."

मग विचारलंस, "नक्की?"

सबंध दुपारभरात फक्त याच चालीबद्दल तू दुसऱ्यांदा विचारलंस. बाकीच्या वेळी मी रॉन्डेलचं नाव घेत होतो, तेव्हा विचारायची गरज पडली नाही. यापुढे मी तुला जे जे सांगेन, आज पाऊस पडला, माझी तब्येत ठीक आहे, त्यातही तुला हे विचारावं लागेल. विचारत जा.

मी ती चाल मागे घेतली. पुन्हा पाहिली. लाइनीच्या मागून घेतलेला दुसरा कॅमेरा लावून पुन्हा पाहिली. तू थांबली होतीस, तुझ्या खोलीतलं घड्याळ मला ऐकू येत होतं.

"नक्की," मी म्हटलं.

तू म्हणालीस, "मी पण तेच लिहिलंय," आणि पुढची चाल सांगितलीस.

बाबा